हळदीकुंकू मोडू नका, अंगणात आणा

पत्र

जानेवारी २०२२

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. कोविडची तिसरी लाट आली म्हणून आम्हाला परत घरोघर पाठवलंय. ताप-खोकला विचारायचा, ऑक्सिमीटर लावायचं, लस राहिलेल्यांना केंद्रावर आणायचं. पण लोक ऐकतच नाहीत. मला बघितलं की पदर नाहीतर उपरणं तोंडावर घेतात, मी पुढं गेले की खाली. "आता काय, नुसती सर्दी तर आहे" म्हणतात. घरात कुणी फणफणलेलं असलं तरी "आमच्यात कुणाला काही नाही" सांगून दार लावतात. वीस-बावीस जणांनी अजून पहिली लससुद्धा घेतलेली नाही, त्यात म्हातारी माणसं जास्त. एका आजोबांनी तर विचारलं, "एका टोचणीमागं तुला किती सुटतात?"

सरपंच म्हणतात, पाचशे रुपये दंड लावू, लस न घेणाऱ्यांची नावं चावडीच्या फळ्यावर लिहू, रेशन बंद करू. नावांची यादी मी द्यायची. आणि त्यांच्याच घरी येत्या शुक्रवारी हळदीकुंकू आहे, शंभर बायकांना आमंत्रण! माझ्या सासूबाई जाणार आहेत, त्यांना साखर आहे. घरात काही बोलले की नवरा म्हणतो, गावाला शहाणपण शिकवतेस. तो स्वतः मास्क हनुवटीला अडकवून डेअरीत दूध घालायला जातो.

यादी देऊ का? लोकांना समजावू तरी कसं? कधीकधी वाटतं, मरू देत, मला काय.

– एक आशाताई

उत्तर

ताई,

यादी देऊ नका.

बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण शुक्रवारच्या आत सरपंच तुम्हाला गाठणार. तुमच्या वहीत जे आहे ते लोकांनी तुमच्या भरवशावर सांगितलेलं आहे. कुणाला टीबीची औषधं चालू आहेत, कुणाची पाळी चुकली आहे, कुठल्या सुनेला मार बसतो, हे गावात तुम्हाला जेवढं कळतं तेवढं पोलीस पाटलालाही कळत नाही. त्यातली वीस नावं एकदा फळ्यावर चढली की त्या वीस जणांची लस तर राहीलच, वर उद्या एखादी गरोदर बाई पाचवा महिना लागेपर्यंत तुम्हाला कळवायची नाही. सरपंचांना एवढंच म्हणा, "नोंदी केंद्रावर असतात, वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला." भांडण त्यांच्या अंगावर ढकला. मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून बिनदिक्कत सांगते: ते झेलायचा त्यांना पगार मिळतो, तुम्हाला नाही.

दंडाचं म्हणाल तर नियम खरा आहे. गेल्या नोव्हेंबरात सरकारने आदेश काढला, मास्क नसेल तर ५०० रुपये, आणि रुमाल मास्क म्हणून धरला जाणार नाही. त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात लशीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन मिळणार नाही, असा हुकूम निघाला होता. सरपंचांनी बहुधा तिथूनच उचललंय. शहरात पंपावरचा पोरगा ज्या गिऱ्हाइकाला अडवतो, त्याचं तोंड त्याला परत बघायचं नसतं. तिथे असली सक्ती चालूनही जाते. तुम्ही ज्या घराचं रेशन अडवाल, त्या घरातल्या सुनेच्या बाळंतपणाला रात्री दोनला तुम्हालाच उठायचं आहे. शिवाय रेशन बंद झालं तर लस नको म्हणणारा म्हातारा उपाशी राहत नाही, नातवंडं राहतात. पावतीपुस्तक पोलिसांनी धरावं, ग्रामसेवकांनी धरावं. तुमच्या हातात ते दिसता कामा नये.

आता लपवण्याबद्दल. तुमच्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य मास्कचं नाही, "कुणाला काही नाही सांगून दार लावतात" हे आहे. मास्क न घालणारा माणूस निदान दिसतो. लपवलेला ताप दिसत नाही.

याचा धडा आपल्याच मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवून झालेला आहे. प्लेग कमिशनर रँडला चाफेकर बंधूंनी गोळ्या घातल्या, २२ जून १८९७, एवढं शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्याच्या आधीच्या चार महिन्यांत पुण्यात काय चाललं होतं ते मात्र फार कुणी सांगत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महिनाभरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असं लोकांना वाटत होतं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. (मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने कपाटातून काढला तो हाच कायदा.) मग पुण्यात रँडच्या कमिटीने गोरे सोजीर घरात घुसवले. माजघर, देवघर काही सोडलं नाही. बायकांना बाहेर काढून तपासलं, सामान जाळलं, रोग्याला दवाखान्यात आणि घरच्यांना छावणीत टाकलं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यातलं सगळंच वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने वेडेपणाचं नव्हतं. रोगी वेगळा काढा, घर रिकामं करा, हे त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ठीकच होतं. पण ज्या रीतीने केलं त्यामुळे लोकांनी रोगी लपवले, मेलेले लपवले, आणि साथ कुठे आहे हे कुणालाच धड कळेना. त्याच वर्षी हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रोग्यांना पदरी घेत होते. तिथे रोगी आणायला सोजीर लागले नाहीत. १० मार्चला सावित्रीबाई त्याच प्लेगने गेल्या. इकडे टिळक पुणे सोडून गेले नाहीत, त्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढलं. रोग तोच, वेगळं राहणंही तेच. बोलावणारा माणूस कोण, यावर दार उघडायचं की नाही ते ठरत होतं. तुमच्या गावात आज बोलावणाऱ्या तुम्ही आहात, म्हणून तर मी यादीच्या बाबतीत इतकी हट्टाला पेटले.

लोक ताप का लपवतात याचा हिशोब त्यांच्या बाजूने करून बघा. लांब कशाला, तुमच्याच घराचा करा. उद्या तुमच्या सासूबाई पॉझिटिव्ह आल्या तर डेअरीत तुमचं दूध घेतील का? नसतील घेत, तर तुमचा नवरा तरी काय सांगेल? "आमच्यात कुणाला काही नाही!" जानेवारीचा महिना, कारखाने जोरात, रोजावर जाणाऱ्याचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. आणि डोक्यात अजून २०२० बसलेलं आहे: दाराला ठोकलेले पत्रे, ॲम्ब्युलन्सचा आवाज, सतरा-सतरा दिवस, आणि परत आल्यावर पिठाच्या गिरणीतसुद्धा बाजूला उभं करणारे शेजारी. आता नियम बदलले आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ५ जानेवारीच्या सूचनांप्रमाणे सौम्य आजार असेल तर घरातच सात दिवस, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नको. बस. घरात गेल्यावर पहिलं वाक्य "ताप आहे का?" हे न ठेवता "आता सातच दिवस असतात हां, आणि कुणाला कुठं नेत नाहीत" हे ठेवून बघा.

आणि डेअरीच्या चेअरमनना भेटा. एकच गोष्ट ठरवून घ्या: ज्या घरात आजार आहे त्या घरचं दूध घ्यायचं, फक्त कॅन शेजाऱ्याने आणायचा. हे ठरलं की तुमच्या गावात निम्मी लपवालपवी थांबेल असा माझा कयास आहे. त्याच बैठकीत, दूध मोजताना मास्क नाकावर हवा, असा डेअरीचा स्वतःचा नियमही करून घ्या. नवऱ्याला शिकवायला जाऊ नका. बायकोने सांगितलेला मास्क हनुवटीवर येतो, चेअरमनने सांगितलेला नाकावर जातो. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्या घरांत असंच आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या भोसी गावाने गेल्या वर्षी काय केलं ते तुमच्या मीटिंगमध्ये आवर्जून सांगा. भोकर तालुक्यातलं हे गाव. एका लग्नानंतर तिथे रुग्ण निघाले, गावाने शिबिर लावून तपासण्या करून घेतल्या, तर ११९ जण बाधित. ज्यांना शेत होतं ते पंधरा-सतरा दिवस आपल्या शेतात जाऊन राहिले. ज्यांना शेत नव्हतं, मजूर माणसं, त्यांच्यासाठी एका मोठ्या शेडमध्ये सोय केली. अंगणवाडीसेविका आणि आशा रोज शेतावर जाऊन बघून येत, जेवणखाण पोचवलं जाई. यात नवीन काही नाही. प्लेगाच्या काळात उंदीर पडायला लागले की आपली गावंच्या गावं माळावर खोपटी घालून राहायची. तुमच्या गावातल्या एखाद्या नव्वदीच्या आजीला विचारा, प्लेगाच्या आणि मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या तापाच्या साथीच्या, गोष्टी तिने सासूकडून ऐकलेल्या असतील. भोसीत मला महत्त्वाची वाटते ती भूमिहीनांची शेड. "वेगळे राहा" हे सांगायला तोंड पुरतं. ज्याचं घर दहा बाय दहाचं आहे त्याने राहायचं कुठे, आणि खायचं काय, याचं उत्तर आधी तयार असावं लागतं. तुमच्या शाळा सध्या बंद आहेत. एक खोली उघडून ठेवायला ग्रामपंचायतीला काही अवघड नाही. सरपंचांचा उत्साह तिकडे वळवा.

आता "लोक ऐकत नाहीत" याबद्दल. मला हे पटत नाही, ताई. २०२० च्या आषाढीला माउलींची आणि तुकोबांची पालखी एसटीत बसून पंढरपूरला गेली आणि लाखो वारकरी घरी बसले. ज्यांच्या घराण्यात वारी चुकलेली नव्हती, ती माणसं घरी बसली! गेल्या आषाढीलाही पालख्या बसनेच गेल्या. २०२० मध्येच लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही, मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं शिबिर घेतलं. हीच आपली माणसं. सांगितलेलं त्यांना कळत नाही असं म्हणायला जागा नाही.

मग त्यानंतर त्यांनी काय काय पाहिलं ते आठवा. आधी सांगितलं, धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही. मग सांगितलं, मास्कशिवाय बाहेर पडलात तर दंड. रस्त्यांवर औषध फवारलं, त्याचा उपयोग नाही हे नंतर कळलं. आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या घरोघर वाटल्या. जानेवारी २०२१ मध्ये चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळला. एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी माणसं वणवण फिरत असताना पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीच्या सभा चालू होत्या. तुमच्या गावाने हे सगळं टीव्हीवर पाहिलं, आणि आज सरपंच शंभर बायकांना बोलावून गावाला दंड लावायची भाषा करतात हेही ते बघतंय. लोक तोंडाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. तेव्हा घरोघर जाताना "तुम्हाला कळत कसं नाही" हा सूर चुकूनही लागू देऊ नका.

मास्कच्या बाबतीत कशाने फरक पडतो याची चांगली पाहणी अलीकडेच बाहेर आली आहे, तीही आपल्यासारख्याच गावांतली. बांगलादेशात नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे सहाशे खेड्यांत हा प्रयोग झाला. काही गावांत मास्क फुकट घरपोच दिले, का आणि कसा घालायचा ते दाखवलं, बाजारात आणि मशिदीपाशी माणसं उभी करून मास्क नसलेल्याला हसतमुखाने आठवण केली आणि तिथल्या तिथे मास्क दिला, इमाम आणि पुढाऱ्यांना आधी घालायला लावला. दंड कुणाला केला नाही. ज्या गावांत काही केलं नव्हतं तिथे शंभरातले १३ जण नीट मास्क घालत, या गावांत ४२. मोबाइलवर संदेश पाठवणं, शपथा घेणं, पुढाऱ्यांना बक्षीस कबूल करणं, याने वर काहीच भर पडली नाही. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीच्या पुढच्यांचा लक्षणांसकट होणारा कोविड सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. म्हणजे तुम्हाला व्हॉट्सॲपवर रोज जे पोस्टर पुढे ढकलायला सांगतात, ते खुशाल विसरा. पिशवीत वीस मास्क ठेवा. आणि बेचाळीस हा आकडा मनात धरा. एवढी यंत्रणा लावूनही निम्म्याहून जास्त लोकांनी घातला नाही, तरी म्हातारी माणसं वाचली. सगळं गाव मास्कमध्ये दिसलं पाहिजे या हट्टापायी तुम्ही उगीच रडकुंडीला येताय.

आणि तो सगळीकडे मागू नका. उसाच्या फडात एकट्या राबणाऱ्याला, रस्त्याने एकटं चालणाऱ्याला मास्क मागितला की तुमचं हसं होतं, आणि खरं तर तो बरोबर असतो. मोकळ्या हवेत धोका कमी. मागायचा तो काचा लावलेल्या वडाप जीपमध्ये, एसटीत, बँकेत, देवळाच्या बंद सभामंडपात भजन चालतं तिथे, डॉक्टरच्या बाकड्यावर. आणि सर्दी-खोकला असलेल्याने म्हाताऱ्या माणसाजवळ जाताना. एवढंच मागा, पण ते ठामपणे मागा. पदर आणि उपरणं चालत नाही हे सांगायची वेळच येऊ देऊ नका, हातात मास्क ठेवा. बचत गटाने २०२० मध्ये शिवलेले उरले असतील तर दोन-तीन पदरी आणि नाकावर घट्ट बसणारे तेवढे निवडा, नाहीतर सरळ सर्जिकल घ्या. पैसे ग्रामपंचायत देईल. दंड वसूल करण्यापेक्षा ते सोपं आहे.

तर शुक्रवार. हळदीकुंकू मोडायला जाऊ नका. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून असल्या कार्यक्रमांना ५० माणसांची मर्यादा आहे, तेव्हा शंभराचं आमंत्रण हा सरळ नियमभंग आहे. पण हे सरपंचांच्या तोंडावर फेकलंत तर कार्यक्रम होईलच, फक्त दार लावून, आतल्या खोलीत, म्हणजे होता त्याहून वाईट. त्याऐवजी एक दिवस आधी दुपारी वहिनींकडे जा. सरपंचांकडे नको, वहिनींकडे. त्यांना म्हणा, अंगणात मांडू या. दुपारी तीनपासून आळीआळीने बोलवा, पन्नासांच्या आत आणि घोळका होणार नाही अशा बेताने. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या घरी. रथसप्तमी यंदा ७ फेब्रुवारीला आहे, दिवस भरपूर आहेत. तिळगूळ पुडीत द्या, खाणं घरी जाऊन. उखाणे अंगणातच होऊ देत, तेवढ्याने काही बिघडत नाही. आणि वाण म्हणून प्लास्टिकचा डबा लुटण्याऐवजी पाच-पाच मास्कची पुडी लुटायची. वाणात आलेली वस्तू बाई टाकून देत नाही. पहिली पुडी फोडून मास्क वहिनींनी स्वतः लावायचा, मग कुंकू. त्या दिवशी तुमच्या सासूबाईंना वाण वाटायला उभं करा. दोन्ही लशी झाल्या असतील तर अंगणात, मास्क लावून, तासभर जायला माझी हरकत नाही. लस राहिली असेल तर मात्र शुक्रवारच्या आधी त्यांना केंद्रावर न्या. लगेच संरक्षण मिळत नाही, पण गावाला दिसेल.

जाता जाता एक. हळदीकुंकवाला सवाष्णीच बोलावतात. दुसऱ्या लाटेत तुमच्या गावात ज्यांचं कुंकू गेलं, त्या यंदा घरात बसून राहणार. कोविड म्हणजे काय हे गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. लस नको म्हणणाऱ्या घरात तुमच्याबरोबर यायला त्यांच्यातली एखादी तयार होते का ते विचारा, आग्रह न करता. वहिनींना धाडस असेल तर त्यांनाही बोलवायला सांगा. हा माझा आगाऊपणा समजा.

लशीचं. ज्यांनी आजवर पहिलीही घेतलेली नाही त्यांच्याकडे "घ्या हो, घ्या हो" करून आता उपयोग नाही. ते ऐकून त्यांचे कान किटले आहेत. जाऊन बसा, विचारा, "घेतली तर काय होईल असं वाटतं?" आणि मग गप्प राहा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. कुणाला दोन दिवस ताप आला तर रोज बुडेल ही भीती. त्याला बाजाराच्या आदल्या संध्याकाळी न्या, म्हणजे तो दिवस तसाही खाड्याचा. कुणाला वाटतं, बीपीच्या गोळ्या चालू असताना लस चालत नाही. तो गैरसमज एमओने, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याने, स्वतः काढावा, तुमच्या शब्दावर सोडू नये. कुणाला केंद्रावर न्यायलाच कोणी नाही, आणि लाजेखातर तो "नको" म्हणतोय. असे निम्मे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. कुणी म्हणेल, शेजारच्या गावात लस घेऊन एक जण गेला. त्यावर "अफवा" म्हणून उडवून लावू नका. कोण होता, कधी गेला, काय आजार होता, सगळं ऐका. माहिती काढून परत या.

म्हाताऱ्या माणसाचा दंड बघा. बाहीखाली देवी टोचल्याचे वण असतात. गावात देवीचा डॉक्टर आला की पोरं माळ्यावर लपायची, हे तेच तुम्हाला हसत सांगतील. आज देवीचा एक रोगी जगात शोधून सापडत नाही. यावर भाषण करू नका, त्यांनाच बोलू द्या.

वचन मात्र खोटं देऊ नका. "लस घेतली की काही होत नाही" असं कुणीतरी पूर्वी सांगितलं, आणि आज दोन लशी घेतलेले शिंकताना दिसतात. सध्या राज्यात रोज चाळीस हजारांवर रुग्ण सापडतायत, त्यात लस घेतलेले पुष्कळ आहेत. खरं आहे ते सांगा: सर्दी-ताप होईल, दवाखान्यात पडायची वेळ सहसा यायची नाही. "नुसती सर्दी" हे तरण्याताठ्या, लस झालेल्या माणसापुरतं बहुतेक वेळा खरं आहे. साखर असलेल्या, लस न घेतलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला ते लागू नाही. टोचल्यावर रात्री अंग मोडून येईल हेही आधीच सांगा, पॅरासिटामॉलच्या गोळ्या देऊन या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता चौकशीला जा. गल्ली त्या सकाळच्या फेरीवर तुमची परीक्षा करते.

आणि त्या आजोबांना राग न धरता उत्तर द्या. जे काय मिळतं तो आकडा सरळ सांगा. गेल्या जूनमध्ये राज्यभरच्या आशा कशासाठी संपावर गेल्या होत्या तेही सांगा. माझा अंदाज, आकडा ऐकून तेच ओशाळतील.

"मरू देत, मला काय" हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मीही थोडक्यात लिहिते. कागदावर तुम्ही स्वयंसेविका आहात. पोलीस नाही, तहसीलदार नाही. तुम्ही नीट सांगितल्यावर एखादं घर नाही म्हणालं तर ते त्या घराचं. रविवारी वही उघडू नका. एन-९५ मास्क केंद्रावरून मागून घ्या, आणि नाही दिले तर लेखी मागा. १० जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना तिसरा डोस सुरू झालाय, दुसऱ्याला नऊ महिने झाले असतील तर तुमचा लगेच घ्या, शक्यतो त्या आजोबांच्या देखत.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. कराड तालुका, जानेवारी महिना, म्हणजे गावाच्या कडेला ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडलेल्या असणार. त्या तुमच्या यादीत आहेत का? बहुतेक नसतील, कारण ती माणसं तुमच्या गावची नाहीत आणि त्यांच्या गावात सध्या ती नाहीत. दिवसा कोपीवर पोरं आणि म्हाताऱ्यांशिवाय कुणी भेटायचं नाही. मुकादमाला गाठून, गाड्या रिकाम्या होऊन माणसं कोप्यांवर परतल्यावर रात्रीचं एक सत्र ठेवा म्हणून एमओंना अर्ज करा, चार ओळींचा पुरे. टॉर्च आणि गोळ्या जास्तीच्या न्या. कोव्हिशील्ड दिलीत तर दुसरा डोस ८४ दिवसांनी, म्हणजे एप्रिलात येतो, आणि तोवर टोळी आपल्या गावी परतलेली असेल. म्हणून नोंद करताना मोबाइल नंबर ज्याचा त्याचाच घाला, नाहीतर घरच्या कुणाचा, मुकादमाचा नको. आणि दुसऱ्या डोसची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाईच्या हातात द्या, गावी गेल्यावर तिथल्या आशाताईला दाखवायला सांगून.

– तुमची डॉक्टरबाई